हिमगाडी आणि तिचा क्लच

कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत व्हालकूर नांवाचें एक लहानसें गांव आहे. १९३४ सालच्या हिवाळ्यांत या गांवच्या साऱ्या वाटा बर्फाखालीं गडप झाल्या होत्या. तेथील एका गॅरेजवाल्याच्या घरीं त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटदुखीनें तळमळत होता. अपेंडिक्सचा विकार विकोपास गेला होता आणि शस्त्रक्रियेवांचून उपाय नव्हता. रुग्णालय शेरब्रुक शहरांत, तीसएक मैलांवर. उन्हाळ्यांत मोटारीनें ही मजल कांहींच नव्हे. परंतु हिवाळा लागला कीं गांवांतील मोटारी महिनेच्या महिने छपराखालीं उभ्या राहत. मुलाचा बाप यंत्रविद्येचा मोठा जाणकार. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे त्याचे प्रयोग कित्येक वर्षें चालू होते; पण त्या दिवशीं उपयोगीं पडेल असें एकही वाहन तयार नव्हतें. मूल दगावलें.

या बापाचें नांव जोझेफ-आर्मां बोंबार्डिए. हिमगाडीच्या, म्हणजेच स्नोमोबाइलच्या, इतिहासांत हें नांव सर्वांत आधीं घेतलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या इतिहासांत आणखी एक पात्र आहे, ज्याची आठवण क्वचितच कोणास होते. एंजिनाच्या दांड्यावर बसविलेला, लहानशा थाळीएवढा, आपोआप मिटणारा व उघडणारा धातूचा क्लच हें तें पात्र होय. वाहन बर्फांत न रुततां पुढें जावें कसें, हा प्रश्न बोंबार्डिएनें सोडविला. परंतु तें वाहन कोणाही सामान्य माणसास हांकतां यावें, हा प्रश्न या क्लचनें सोडविला. साठ वर्षांपूर्वींची एखादी हिमगाडी पुन्हां चालती करण्यासाठीं जेव्हां कोणी तिचा क्लच खोलून बसतो, तेव्हां तो एका यंत्राची दुरुस्ती तर करतोच, पण हिवाळ्यावर मिळविलेल्या एका विजयाचें रहस्यही त्याच्या हातांत सुटें होऊन येतें.

बोंबार्डिएचा जन्म १९०७ चा. वयाच्या पंधराव्या वर्षीं, १९२२ च्या अखेरीस, त्यानें जुन्या फोर्ड मोटारीचें एंजिन घसरगाड्यांवर बसविलें, त्यास विमानासारखा लांकडी पंखा जोडला आणि भावाला बरोबर घेऊन तें अजब वाहन गांवांतून पळवून दाखविलें. उघड्यावर गरगरणारा तो पंखा पाहून वडिलांच्या काळजाचा ठोका चुकला व त्यांनीं तें यंत्र ताबडतोब मोडावयास लावलें. १९२६ मध्यें त्याचें स्वतःचें गॅरेज सुरू झालें. दिवसा मोटारी दुरुस्त कराव्या आणि उरलेल्या वेळांत बर्फाशीं झगडावें, असा त्याचा क्रम होता. मुलाच्या मृत्यूनंतर १९३५ मध्यें त्यास खरें यश आलें. रबरानें मढविलेलें दांतेरी चाक आणि त्यावरून फिरणारा रबर व पोलादी पट्ट्यांचा ट्रॅक अशी ही रचना होती. तिचें पेटंट त्यास १९३७ मध्यें मिळालें. पुढें सात माणसें बसतील अशीं, व नंतर बारा माणसें बसतील अशीं वाहनें त्याच्या कारखान्यांतून बाहेर पडूं लागलीं. डॉक्टर, टपालवाले, शाळेचीं मुलें यांची हिवाळ्यांतील ये-जा त्यांतून होऊं लागली.

तथापि हीं वाहनें म्हणजे बर्फावरच्या बसगाड्याच होत्या. त्यांची किंमत मोठी, वजन मोठें, आणि त्या चालविण्यास क्लच व गिअर यांची संवय असलेला वाहनचालक लागे. १९४८ मध्यें क्वेबेक सरकारनें हिवाळ्यांत सर्व सार्वजनिक रस्ते बर्फ काढून मोकळे ठेवण्याचा कायदा केला आणि या बसगाड्यांची मागणी जवळजवळ निम्म्यावर आली. पण रस्ता ज्यांच्या दारापर्यंत पोंचलाच नव्हता, त्यांचें काय? उत्तरेकडील अरण्यांत सांपळे लावून फर मिळविणारा शिकारी, दूरच्या वस्तीवरचा धर्मोपदेशक, रुग्णांच्या भेटीस जाणारी परिचारिका, यांना बस नको होती. त्यांना एका किंवा दोघां माणसांना वाहून नेईल अशी हलकी गाडी पाहिजे होती. तशी गाडी करावी हें बोंबार्डिएच्या मनांत आरंभापासून होतें. अडचण होती ती साधनांची.

ही अडचण त्रिविध होती. पहिली, हलक्या एंजिनाची. ती दुसऱ्या महायुद्धानंतर लहान व भरंवशाचीं एंजिनें निघूं लागल्यावर दूर झाली. दुसरी, हलक्या ट्रॅकची. थोरला मुलगा जर्मेन यानें १९५० नंतरच्या दशकांत एकसंध रबरी ट्रॅकची रीत बसवून ती दूर केली. तिसरी अडचण मात्र सहज दिसून येत नाहीं. एंजिन आणि ट्रॅक यांचा सांधा कसा जोडावयाचा?

रस्त्यावरील मोटार पहिल्या गिअरमधून दुसऱ्यांत नेतांना चालक क्षणभर एंजिनाचा व चाकांचा संबंध तोडतो. त्या क्षणीं मोटार आपल्याच वेगानें पुढें सरकत राहते. मऊ बर्फांत असें होत नाहीं. तेथें जोर तुटतांच गाडी जागच्या जागीं थबकते आणि थबकली कीं रुतते. शिवाय बर्फाचा स्वभाव पावलोपावलीं बदलतो. येथें तो कांचेसारखा घट्ट, तर दहा हातांवर पिंजलेल्या कापसासारखा सैल. त्याच्या प्रत्येक लहरीबरोबर गिअर बदलावयाचे म्हटलें तर जाड हातमोजे घातलेल्या माणसाचे दोन्ही हात त्यांतच गुंतावयाचे. म्हणून जोर क्षणभरही न तोडतां आपोआप गिअर बदलणारी एखादी युक्ति पाहिजे होती, आणि तीही अशी कीं तिचें वजन लहान एंजिनास झेपावें.

ही युक्ति बर्फाच्या प्रदेशांत जन्मली नाहीं. तिचें मूळ लांकडें कापण्याच्या गिरणींत आहे. करवतीचा वेग हवा तसा कमी-अधिक करतां यावा म्हणून अमेरिकेंत मिल्टन रीव्ह्ज यानें १८७९ मध्यें रुंदी बदलणारी पुली बनविली. एकमेकींसमोर दोन उतरत्या तबकड्या ठेवाव्या, त्यांच्या खांचेंतून पट्टा न्यावा. तबकड्या जवळ आणल्या कीं पट्टा काठाकडे चढतो, दूर नेल्या कीं मध्याकडे उतरतो. पट्टा वर चढला कीं पुली मोठी झाल्यासारखी होते, खालीं उतरला कीं लहान. मोठ्या व लहान गिअरचें सारें कार्य येथें दांत्यांवांचून होतें.

परंतु या तबकड्या कोणी तरी हातानें सरकवाव्या लागत. हाताची ही मदत नाहींशी करणारें तत्त्व त्याहूनही जुनें आहे. वाफेच्या एंजिनाचा वेग एकसारखा राहावा म्हणून जेम्स वॅट यानें १७८८ मध्यें फिरत्या दांड्याला दोन गोळे लटकविले होते. दांडा जोरानें फिरूं लागला कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफेची वाट अरुंद करीत. गोफण फिरवितांना दगड बाहेर ओढ घेतो, तेंच हें बल. रीव्ह्जची पुली आणि वॅटचे गोळे एकत्र आले म्हणजे आपोआप चालणारा क्लच तयार होतो. १९३० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत फॉस्टर सॉल्सबरी याच्या स्कूटरवर हा संयोग घडून आला; १९५८ मध्यें हॉलंडमधील व्हान डोर्न यानें तोच एका मोटारीस बसविला.

हिमगाडींत या क्लचचें काम असें चालतें. एंजिनाच्या दांड्यावर दोन तबकड्या असतात. एक अचल, दुसरी सरकती. एंजिन सावकाश चालत असतां आंतील स्प्रिंग त्यांना एकमेकींपासून दूर ठेवते; पट्टा मध्यें सैल पडून राहतो आणि गाडी उभी राहते. अंगठ्याखालची कळ दाबून एंजिनाचे फेरे वाढविले कीं क्लचमधील वजनें बाहेर फांकतात, स्प्रिंगला हटवितात व सरकती तबकडी आंत ढकलतात. पट्टा पकडला जातो आणि गाडी हलते. फेरे वाढतील तसा पट्टा वर चढतो. ट्रॅकच्या बाजूस अशीच दुसरी पुली असते. तिची स्प्रिंग तिच्या तबकड्या मिटवूं पाहते, आणि तिच्यांत तिरप्या उताराचा एक तुकडा बसविलेला असतो. चढ लागला किंवा बर्फ जड झाला कीं ओझ्याच्या पिळानें या उतारावरून तबकडी सरकते, ती पुली मिटते आणि पट्टा आपण होऊन हलक्या गिअरला येतो. एंजिनाचा जोर एकीकडून, ओझ्याचा दाब दुसरीकडून. या दोघांच्या ओढाताणींत प्रत्येक क्षणाला योग्य तो गिअर ठरतो. चालकाच्या वाट्याला उरतो तो केवळ एक अंगठा.

१९५९ मध्यें बोंबार्डिएची लहान हिमगाडी स्की-डू या नांवानें विक्रीस आली. तिच्या पहिल्या नमुन्यांपैकीं एक उत्तर ऑन्टारिओंतील लॅन्सडाउन हाउस येथील धर्मोपदेशक मोरीस विमे यांच्याकडे गेला. विस्तीर्ण मुलखांत विखुरलेल्या आदिवासी वस्त्यांवर त्यांना हिवाळ्यांत जावें लागे आणि तोंवर त्यांचा आधार म्हणजे कुत्र्यांची घसरगाडी. पहिल्या हंगामांत २२५ गाड्या विकल्या गेल्या. चारपांच वर्षांत हा आंकडा सालाला आठ हजारांवर गेला. बोंबार्डिए १९६४ मध्यें वारला. त्याच काळांत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांतील रोझो गांवीं हेटीन बंधु व डेव्हिड जॉन्सन यांनीं आपल्या हिमगाड्या काढल्या होत्या. त्यांतील एडगर हेटीन यानें १९६० मध्यें अलास्कांतून हजार मैलांहून अधिक प्रवास करून हें वाहन खेळणें नव्हे हें दाखवून दिलें. १९६८ च्या एप्रिलांत राल्फ प्लेस्टेड व त्याचे सोबती हिमगाड्यांवरून उत्तर ध्रुवास पोंचले आणि विमानांतून त्यांचें स्थान तपासून पाहण्यांत आलें.

या यशाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. फिनलंडच्या उत्तरेस राहणारे स्कोल्ट सामी लोक रेनडिअरांचे कळप पाळतात. १९६० नंतरच्या दशकांत हिमगाडी तेथें आली आणि थोड्याच वर्षांत स्की व रेनडिअरची घसरगाडी यांची जागा तिनें घेतली. पर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञानें या स्थित्यंतराचा अभ्यास १९७३ मध्यें प्रसिद्ध केला. ज्यांच्याजवळ गाडीसाठीं, पेट्रोलसाठीं व सुट्या भागांसाठीं पैसा होता त्यांचें पुढें बरें चाललें. ज्यांच्याजवळ नव्हता ते कळप राखण्याच्या धंद्यांतून मागें पडले. घसरगाडी ओढणारें जनावर कुरणावर चरे. यंत्र मात्र दुकानावर जगे. अशा मुलखांत ज्याला आपला क्लच आपल्या हातानें उघडतां येई, त्याच्या कष्टाचा पैसा त्याच्याच घरांत राही. दुरुस्तीची विद्या ही तेथें हौस नव्हती, ती उपजीविकेचा भाग होती.

१९७० च्या सुमारास हिमगाड्या करणारे शंभरांवर कारखाने उत्तर अमेरिकेंत निघाले होते. पुढें पेट्रोल महागलें, बर्फाचे हंगाम उणे पडले, आणि त्यांतील बहुतेक सारे बंद पडले. त्यांच्या गाड्या मात्र कोठारांतून व गोठ्यांतून पडून राहिल्या. आज त्या बाहेर काढून चालत्या करणाऱ्यांना पहिली गांठ पडते ती क्लचशीं. पट्टा सुटतां सुटत नाहीं आणि गाडी उभ्या उभ्याच पुढें सरकूं पाहते. निघतांना हिसका बसतो. चढावर एंजिन कण्हतें पण पट्टा खालीं उतरत नाहीं. ही सारी लक्षणें झिजलेल्या क्लचचीं असूं शकतात.

तो उतरविणें हें धीराचें काम आहे. मधला बोल्ट काढला तरी क्लच हातीं येत नाहीं, कारण निमुळत्या दांड्यावर तो वर्षानुवर्षें घट्ट बसलेला असतो. पहारीनें उचकटूं पाहणाऱ्याच्या हातीं वांकडी तबकडी किंवा वांकडा दांडा येतो. त्यासाठीं क्लचच्या मापाचा पुलर आंत पिळीत नेतात. एका क्षणीं खाड्‌दिशीं आवाज होतो आणि पकड सुटते. खोलण्यापूर्वीं झांकण व तबकड्या यांवर जुळणीच्या खुणा करून ठेवणें अवश्य आहे, कारण हे भाग एकत्र तोललेले असतात. एक जरी फिरवून बसविला तरी हजारों फेऱ्यांच्या वेगांत सारा क्लच थरथरूं लागतो. झांकणाखालीं स्प्रिंग दाबून बसलेली असते, म्हणून बोल्ट एकामागून एक पुरते न काढतां सर्व थोडथोडे सैल करीत जावें लागतें.

आंत दिसते ती पट्ट्याची काळी धूळ. ती पुसली कीं यंत्राचा पूर्वेतिहास वाचतां येतो. तबकडीवर एकाच ठिकाणीं खोल वळ असेल तर गाडी बहुधा एकाच वेगानें मैलोगणती चालविली गेली असें समजावें. ओझें वाहणाऱ्या गाडीची ही खूण. रोलर एका अंगास चपटा झाला असेल तर तो फिरण्याऐवजीं घसरत होता. वजनें ज्या खिळ्यांवर झुलतात त्यांचीं भोंकें लांबट झालीं असतील, किंवा सरकत्या तबकडीचा बुश सैल होऊन ती डुगडुगत असेल, तर पट्टा सरळ धरला जाणें शक्य नाहीं. या भागांपैकीं एकच बदलून भागत नाहीं. वजनें समान भाराचीं पाहिजेत, रोलर सारे एका मापाचे पाहिजेत. एक नवा व दोन जुने असा संसार येथें चालत नाहीं. स्प्रिंग वरून नवीसारखी दिसली तरी वर्षांच्या दाबानें ती मऊ पडलेली असते, म्हणून तिची लांबी व जोर मोजून पाहतात.

जोडणी करतांना सर्वांत मोठा मोह तेलाचा. झिजलेल्या यंत्राला तेल पाजावें ही सर्वांची संवय. पण येथें तबकडीवर तेलाचा थेंब पडला तर पट्टा घसरतो, आणि आंत साचलेलें तेल धुळीला धरून ठेवून तिचीच कानस बनवितें. म्हणून कारखान्यानें जेथें सांगितलें असेल तेथेंच वंगण द्यावें, अन्यत्र कोरडें ठेवावें. दांड्याचा निमुळता भाग व क्लचचें भोंक निष्कलंक पुसून मगच क्लच चढवावा आणि बोल्ट नेमून दिलेल्या पिळानेंच आंवळावा. शेवटीं दोन्ही पुल्यांमधील अंतर व त्यांची सरळ रेषा तपासावी, नाहीं तर नवा पट्टाही थोड्याच दिवसांत चिंध्या होऊन पडतो.

एक प्रश्न मात्र हत्यारांनीं सुटत नाहीं. जुन्या तबकडीच्या ओतीव धातूंत केसाएवढी चीर दिसली, आणि तो कारखानाच बंद पडलेला असल्यानें तसा भाग पुन्हां मिळणें दुरापास्त असलें, तर काय करावें? मूळ भाग जपावा हें संग्राहकाचें ब्रीद. परंतु हा क्लच बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांपुढें, मिनिटाला कित्येक हजार फेरे घेत असतो. तो फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. समंजस कारागीर अशा वेळीं चिरलेला भाग फडताळांत ठेवतो, गाडीला दुसऱ्या धडक्या क्लचचा भाग जुळवून बसवितो आणि वरचें संरक्षक झांकण विसरत नाहीं. वस्तूचा इतिहास जपावयाचा तो माणसाचा जीव राखूनच, हें त्या वडिलांनीं १९२२ मध्यें पंख्याचें यंत्र मोडावयास लावून सांगितलेंच होतें.

हें सारें दूरच्या हिमप्रदेशाचें वृत्त वाटेल; परंतु त्याचा एक धागा महाराष्ट्राच्या घराघरांतून गेला आहे. पुण्याच्या कायनेटिक कंपनीनें जपानच्या होंडाशीं भागी करून १९८४ मध्यें बिनगिअरची स्कूटर काढली, तेव्हां तिच्या बाजूच्या झांकणाआड हीच दोन उघडमीट करणारीं चाकें व हाच पट्टा होता. आज पुणें-मुंबईच्या रस्त्यांवरून मुलांना शाळेंत सोडावयास निघालेल्या बहुतेक बिनगिअरच्या स्कूटरी याच तत्त्वावर चालतात. गिअरच्या भीतीनें ज्यांनीं कधीं वाहन हातीं धरलें नसतें, अशा कितीकांना या क्लचनें घराबाहेरची वाट मोकळी करून दिली.

व्हालकूर येथें बोंबार्डिएचें तें जुनें गॅरेज आजही संग्रहालयांत जतन करून ठेवलेलें आहे. १९३४ च्या त्या दिवशीं तेथें कौशल्य होतें, हत्यारें होतीं, जिद्द होती. वेळेवर चालेल असें यंत्र तेवढें नव्हतें. यंत्र शोधून काढणें ही अर्धी गोष्ट. नेमक्या घटकेस तें चालेल अशा स्थितींत ठेवणें ही उरलेली अर्धी. झिजलेला बुश बदलणारा, वजनें तोलून पाहणारा, बोल्ट जपून आंवळणारा अनाम कारागीर ती उरलेली अर्धी गोष्ट पुरी करीत असतो.